सकाळी विपश्यना, रात्री मैत्रीभावना: साधनेची खिचडी होतेय का?

ओंजळभर (धागाकर्ती) · रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, जय भीम.

बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं. आज भांडी लवकर आटपली, म्हणून बसलेच लिहायला.

घरात त्रिशरण-पंचशील लहानपणापासून. बाबा दर पौर्णिमेला विहारात न्यायचे, पण डोळे मिटून बसायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. २०१४ साली इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांचं पहिलं शिबिर केलं, पुढे आणखी दोन. मग २०१९ मध्ये एका मैत्रिणीच्या नादाने भाज्याला गेले. लेण्यांच्या पायथ्याशी त्रिरत्न या बौद्ध चळवळीच्या लोकांचं केंद्र आहे तिथे. चार दिवस राहिले आणि पाच टप्प्यांची मैत्रीभावना, म्हणजे एकेकाला आठवून त्याचं भलं चिंतायचं ध्यान, शिकून आले. दोन्ही मनापासून आवडलं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

सध्याचं वेळापत्रक असं. पहाटे ५:२५ ला बसते. खरं तर तास बसायचं असतं, पण मुलीचा डबा असल्यामुळे मला पन्नास मिनिटंच मिळतात. कुकरकडे लक्ष द्यायला नवरा उठला तरच तास. पहिली दहा मिनिटं श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. पण हल्ली मध्येच कधीतरी मन आपसूक मैत्रीकडे वळतं आणि उरलेला वेळ तिथेच जातो. छान वाटतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सासूबाईंबरोबर वंदना. रात्री अर्धा तास मैत्रीभावना: स्वतः, मित्र, त्रयस्थ, न पटणारी व्यक्ती, आणि शेवटी सगळे. मित्राच्या टप्प्यात मी आईला घेते. तिथे मात्र अलीकडे रडू येतं आणि पुढचे तीन टप्पे राहूनच जातात.

शिबिरात स्पष्ट सांगतात की पद्धती मिसळू नका. भाज्याला सांगितलं की दोन्ही हव्यात. मी दोन्ही करतेय आणि दोन्हीकडे चोरी केल्यासारखं वाटतंय. तुमच्यापैकी कुणी असं करतं का? कसं बसवलंत?

---

इगतपुरी_लोकल · रविवार, रात्री ११:१५

ताई, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. एकच धरा.

विपश्यनेच्या गोएंका गुरुजींनी १९६९ च्या जुलैत मुंबईत पहिलं शिबिर घेतलं तेव्हापासून हेच सांगितलं. दुसरं वाईट आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. जे तुम्हाला लागू पडेल ते घ्या, पण एकच घ्या आणि खोलवर जा, एवढंच म्हणणं. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, म्हणजे ऑफिस सांभाळून साधना करणारा गृहस्थ. त्यामुळे 'आम्हा संसारी लोकांना जमत नाही' ही सबब या परंपरेत चालत नाही :)

दहा ठिकाणी दोन-दोन हात खणून पाणी लागत नाही. एका जागी वीस हात खणावं लागतं.

---

एक_पिंक · रविवार, रात्री ११:२१

आयडी बघून शंका आली. लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते ना हो?

(पिंक टाकून झाली. आता चर्चा वाचतो.)

---

भाजे_पायथा · सोमवार, सकाळी ७:०५

विहिरीचा दाखला येणार हे माहीतच होतं.

लोकल भाऊ, शिबिरात पहिले तीन दिवस काय करता? आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, आणि मग मौन सुटतं. दहा दिवसांत तीन पद्धती झाल्या. मग ओंजळभर ताईंनी दिवसात दोन केल्या तर काय बिघडलं?

आमच्याकडे त्रिरत्नमध्ये दोन्ही का शिकवतात ते सांगतो. संघरक्षितांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये ही चळवळ सुरू केली आणि सत्तरीच्या दशकाअखेर पुण्यात तिचं काम उभं राहिलं, तेव्हापासून जोडी हीच: आनापानसती चार टप्प्यांत, मैत्री पाच टप्प्यांत. श्वास सोडल्यावर आकडा मोजायचा, मग घेण्याआधी मोजायचा, मग मोजणं सोडायचं, आणि शेवटी नाकपुडीशी जो स्पर्श होतो तेवढाच धरायचा. दुसऱ्या दिवशी मैत्री. बरेच जण दिवसाआड करतात, काही सकाळ-संध्याकाळ वाटून घेतात. नुसती सजगता केली की माणूस कोरडा पडू शकतो. नुसती मैत्री केली की लाडिक. अशी माणसं मी दोन्ही प्रकारची पाहिलीत, आरशातही.

---

इगतपुरी_लोकल · सोमवार, सकाळी ८:५०

तो क्रम आहे हो, सरमिसळ नव्हे. फोडणी आधी पडते आणि कोथिंबीर शेवटी, म्हणून कुणी तीन भाज्या केल्या असं म्हणत नाही. आनापानाने मन टोकदार होतं, ते घेऊन संवेदनांवर काम करायचं, आणि उठताना जे मिळालं ते वाटायचं. मैत्री शेवटी, पाच-दहा मिनिटं. ताईंच्या लिहिण्यात ती मध्येच येतेय. मला खटकलं ते एवढंच.

---

वऱ्हाडी_ठेचा · सोमवार, दुपारी १:३०

विहिरीचा विषय निघाला त आता मी बोलतो. आमच्या वावरात दोन हजार सोळाले विहीर खोदली. वरची काळी माती फावड्यानं निघाली. खाली मुरूम लागला त पहार अन् टिकाव घेतला. त्याच्याखाली काळा पाषाण लागला, तिथं सुरुंग लावा लागला. अवजारं तीन झाली, पण विहीर एकच ना भाऊ! जागा नाही बदलवली आम्ही.

बाकी मले ध्यानातलं फारसं कळत नाही. नागपूरले दीक्षाभूमीवर जातो दरसाल, पंधरा मिन्टं बसतो, गर्दीत कोणाची तरी कोपर लागते अन् उठतो.

---

ओंजळभर · सोमवार, दुपारी २:१०

ठेचा दादा, हसू आलं आणि पटलंही. जागा बदलली नाही म्हणता, पण माझी जागा कोणती तेच मला कळत नाहीये.

---

काका_छावणी · सोमवार, सायंकाळी ६:४०

जय भीम. वय ७१, सेवानिवृत्त. एक वेगळा मुद्दा मांडतो. कडू वाटला तर क्षमस्व.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची म्हातारा-आजारी-प्रेत ही कथा नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचं भांडण पेटलं, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि म्हणून घर सोडलं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे धम्माची सुरुवातच मुळी माणसामाणसांतल्या तंट्यापासून. आणि आज आमच्या वस्तीतली मुलं दहा-दहा दिवस डोळे मिटून येतात, पण विहाराच्या अभ्यासिकेतली ट्यूब गेली ती दोन महिने कुणी बदलली नाही. शेवटी मी स्टुलावर चढलो. या वयात.

तुमच्या दोन पद्धतींत तिसरी पद्धत जमत असेल तर बघा.

---

भाजे_पायथा · सोमवार, सायंकाळी ७:२२

काका, स्टुलावर चढू नका हो, पोरांना हाक मारा. मैत्रीभावनेचा चौथा टप्पा त्यासाठीच आहे. ट्यूब न बदलणाऱ्यांना घ्या त्यात :)

गंमत सोडा, तुमचं बरोबरच आहे. पण ज्याने आठवडाभर रोज दहा मिनिटं न पटणाऱ्या माणसाचं भलं चिंतलंय, तो वस्तीच्या बैठकीत जरा कमी भांडतो. हे मी स्वतःवरून सांगतो. आधी मी खुर्ची उचलायचो.

---

पालीपाठ · सोमवार, रात्री ९:४८

थोडं मूळ ग्रंथांकडे जाऊ या, कारण 'बुद्धांनी एकच पद्धत सांगितली' आणि 'सगळं चालतं' अशी दोन्ही वाक्यं इथे येण्याच्या बेतात आहेत.

उदान आणि अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथांत मेघियाची गोष्ट आहे. मेघिय हा चालिका पर्वतावर बुद्धांचा सेवक म्हणून राहत होता. जंतुगावात भिक्षेला गेला, परतताना किमिकाळा नदीकाठी त्याला एक आमराई दिसली. काय सुंदर जागा, इथे ध्यान करावं! बुद्ध म्हणाले, थांब, दुसरा कुणी भिक्खू येऊ दे. हा ऐकेना. तीनदा विचारलं आणि गेला. आमराईत बसला आणि दिवसभर डोक्यात काय, तर वासना, द्वेष आणि हिंसेचे विचार. तोंड पाडून परत आला. (दार्जिलिंगला जाऊन ध्यान करणार म्हणणारे माझे दोन मित्र आठवले.)

बुद्ध त्याला आधी पाच गोष्टी सांगतात, त्यात पहिली कल्याणमित्र. त्यानंतर एकाच माणसाला चार भावना सांगतात: रागासाठी, म्हणजे आसक्तीसाठी, अशुभ (शरीराच्या किळसवाण्या बाजूचं चिंतन), द्वेषासाठी मैत्री, विचारांची साखळी तोडायला आनापानसती, आणि 'मी आहे' हा ताठा उपटायला अनित्यसंज्ञा, म्हणजे काहीच टिकत नाही ही जाण. लोकल भाऊंचा संवेदनांवरचा अनित्यबोध आणि पायथा भाऊंची मैत्री, दोन्ही एकाच ओळीत बसलेत. मज्झिम निकायात बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, दिलेला उपदेश तर याहून भरगच्च आहे. पृथ्वीसारखा हो, पाण्यासारखा हो, मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, अशुभ, अनित्य, आणि शेवटी सविस्तर आनापान.

तेव्हा एका साधकाला अनेक पद्धती हे मुळात आहे. पण प्रत्येकीपुढे कारण लिहिलंय. 'आज हे करावंसं वाटतंय' हे त्या यादीत कुठेच नाही.

संयुत्त निकायातला चुलीचा दाखलाही बघा. बारीक विस्तव पेटवायचाय आणि त्यावर ओलं गवत, ओल्या गोवऱ्या टाकल्या तर पेटेल का? तसं मन मंद असताना प्रश्रब्धी (शांतपणा), समाधी, उपेक्षा यांच्या मागे लागायचं नाही. तेव्हा धम्मविचय (नीट पारखणं), वीर्य (उत्साह) आणि प्रीती (आनंद). उलट आग भडकली असेल तर ओलं टाका. आणि सती, म्हणजे सजगता? ती दोन्ही वेळी लागते.

---

काका_छावणी · सोमवार, रात्री १०:०५

सुंदर. चालण्याबद्दल काही आहे का? मला गुडघ्यांमुळे बसणं जमत नाही. पहाटे मैदानाला सहा फेऱ्या मारतो, तोंडाने वंदना चालू असते.

---

पालीपाठ · सोमवार, रात्री १०:१२

आहे ना काका. अंगुत्तरात चंक्रमणाचे, म्हणजे फेऱ्या मारण्याचे, पाच लाभ सांगितलेत. प्रवास झेपतो, उद्योग करायला अंग तयार राहतं, आजार कमी, खाल्लेलं पचतं, आणि चालताना मिळालेली समाधी जास्त टिकते.

---

काका_छावणी · सोमवार, रात्री १०:२०

खाल्लेलं पचतं हे प्रत्यक्ष तथागतांनी सांगितलंय? उद्यापासून आठ फेऱ्या.

---

रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ३:५५

परिचारिका आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय. ओंजळभर ताई, दोनच प्रश्न.

पहिला. सकाळी मन 'आपसूक' मैत्रीकडे वळतं म्हणता, ते कितव्या मिनिटाला? चार-पाच दिवस उठल्यावर वहीत लिहून बघा. आणि वळण्याच्या लगेच आधी शरीरात काय चाललं होतं तेही. आम्ही पेशंटच्या तापाचा तक्ता भरतो ना, तसं. तक्ता भरल्याशिवाय औषध बदललं तर कशाने उतरला ते कळत नाही.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. आई आहेत ना?

आणि सगळ्यांसाठी एक, कामातून आलेलं. झोप उडालेली असेल, किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर पद्धती बदलून बघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि शिबिराचा अर्ज भरताना ते लपवू नका. तो रकाना उगाच नसतो.

---

म्युनिकची_थंडी · मंगळवार, दुपारी ४:३०

इथे आत्ताच अंधार पडायला लागलाय. माझा अनुभव छोटासा. घरी दहा वर्षं विपश्यना. इथे दर गुरुवारी सोटो झेनच्या गटात जातो, कारण आठवड्यातून एकदा माणसांत बसायचं तर दुसरं जवळ काही नाही. भिंतीकडे तोंड, डोळे अर्धे उघडे, चाळीस मिनिटं नुसतं बसायचं, मग रांगेने सावकाश चालायचं. सुरुवातीला मी भिंतीकडे तोंड करून गुपचूप डोक्यापासून पायापर्यंत फेऱ्या मारायचो. कुणाला कळणार? पण मलाच कळायचं, आणि ना धड हे ना धड ते. शेवटी ठरवलं: त्यांच्या गादीवर त्यांचं, माझ्या गादीवर माझं. आता बरं चाललंय. गाद्या वेगळ्या असल्या की मन गोंधळत नाही, असा माझा शोध. फार खोल नाही, पण कामाचा आहे.

---

ओंजळभर · शनिवार, सकाळी ११:३०

रात्रपाळी ताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचून फोन उलटा ठेवला होता. म्हणून उशीर.

आधी पहिल्याचं उत्तर. वही केली, मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पानं. मंगळवारी वेळ लिहायला विसरले. बुधवारी ३४ वं मिनिट, उजवा गुडघा, बाहेरच्या बाजूला जळजळ. गुरुवारी ३६, तोच गुडघा. शुक्रवारी ३३, गुडघा आणि शिवाय ऑफिसातल्या एका ई-मेलची आठवण. आज ३५. समोर टायमर होता म्हणून आकडे नेमके आहेत.

म्हणजे आपसूक वगैरे काही नाही. गुडघा पेटला की मी मैत्रीचा पदर डोक्यावर घेते. 'सर्व सुखी होवोत' म्हणतेय आणि आत चाललंय की या गुडघ्यापासून मला सोडवा. चार दिवस एकच आकडा आल्यावर नाकारणार तरी कसं? लिहिताना लाज वाटली, मग हसूच आलं.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. २०२१ च्या मे महिन्यात गेली. शेवटी भेटता आलं नाही, तेव्हा कुणालाच भेटता येत नव्हतं. 'मित्र' म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येते. दुसरं कुणी घ्यायचं म्हणजे तिला बाजूला सारल्यासारखं वाटतं.

---

मांडवीकाठ · शनिवार, दुपारी ३:१५

ओंजळभर, तुमचा प्रतिसाद वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. १८७६ चा जन्म, १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म शोधायला घर सोडून निघाले, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत पोचले. त्यांनी आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचं नागरीत संपादन केलं, आणि त्यातली ध्यानाची बाजू सामान्य वाचकाला कळावी म्हणून मराठीत 'समाधिमार्ग' लिहिला. आजोबांच्या कपाटात होता. वाळवी लागलेली प्रत, पण वाचता येते.

विसुद्धिमग्गात मैत्रीच्या प्रकरणात एक गोष्ट येते. एका तरुण भिक्खूने आपल्या आचार्यांना समोर ठेवून मैत्री सुरू केली. काही केल्या मन लागेना. तो एका थेरांकडे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंकडे, गेला: ध्यान मला सरावाचं आहे, तरी इथे लागत नाही, असं का? थेर म्हणाले, ज्यांना धरलंयस त्यांचं काय ते आधी बघ. शोध घेतला तर आचार्य वारले होते. मग त्याने जिवंत माणूस घेतला आणि ध्यान लागलं. म्हणून तिथे स्पष्ट सांगितलंय, गेलेल्या माणसाला धरून मैत्रीभावना करू नये. यात निष्ठुरपणा काही नाही. मैत्री म्हणजे 'तुझं भलं होवो' असं म्हणणं. समोरच्याचं भलं होण्याची जागा शिल्लक असावी लागते. नाहीतर तिचा शोक होतो आणि आपण त्यालाच मैत्री म्हणत बसतो.

आईला बाजूला सारू नका. तिच्यासाठी पुण्यानुमोदन आहे ना आपल्यात. तिची जागा तिथे.

तुमचा मूळ प्रश्नही बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सोडवून ठेवलाय. चाळीस कर्मस्थानं, म्हणजे ध्यानाचे विषय, त्यांनी मोजली: दहा कसिण (माती, पाणी, रंग असे नजरेसमोर धरायचे विषय), दहा अशुभ, दहा अनुस्मृती (आठवण धरायचे विषय), चार ब्रह्मविहार (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा), चार अरूप (आकार नसलेले), आणि दोन सुटी. पण त्याआधी ते दोन जाती पाडतात. 'सब्बत्थक' म्हणजे सगळ्यांना सगळीकडे लागणारं, त्यात मैत्री आणि मरणस्मृती. आणि 'पारिहारिय' म्हणजे आपल्या स्वभावाला जुळणारं, कायम बाळगायचं एक. मीठ सगळ्या पदार्थांत पडतं, म्हणून मिठाचीच भाजी करत नाहीत. (हा दाखला माझा, आचार्यांच्या माथी मारू नका.)

---

वऱ्हाडी_ठेचा · शनिवार, दुपारी ३:४०

मांडवी भाऊ, हे लय मोठं सांगितलं. माह्या बुढ्याले जाऊन सहा वर्षं झाली, मीही त्यालेच धरून बसतो दीक्षाभूमीवर. कोपर लागते म्हणून उठतो म्हटलं होतं ना वर... ते काही खरं नव्हतं.

---

भाजे_पायथा · शनिवार, दुपारी ४:१८

ताई, यात चूक आमच्या बाजूच्या माझ्यासारख्यांची. मित्राच्या टप्प्यात जिवंत, साधारण आपल्या वयाची, जिच्याबद्दल आकर्षण नाही अशी व्यक्ती घ्या, हे आम्ही शिकवताना सांगतो. तुम्ही 'आई' लिहिलंत तेव्हा मी वाचून पुढे गेलो, एका शब्दाने विचारलं नाही. पद्धतींवर वाद घालण्यात गुंग होतो.

---

इगतपुरी_लोकल · शनिवार, रात्री ८:३५

माझंही तेच. आणि एक कबुली. ३४ व्या मिनिटाचं वाचून मी माझ्या बाजूने आनंद मानायला हवा होता, 'बघा, मिसळल्यामुळे असं होतं'. पण काल सकाळी माझं काय झालं सांगतो. पाठीत कळ आली आणि मी श्वासावर परतलो. मन चंचल झालं की थोडा वेळ आनापान करा असं गुरुजींनीच सांगितलंय, म्हणून नियमात बसतं. पण माझं मन चंचल नव्हतं. पाठ दुखत होती. नियमातली पळवाट काय आणि नियमाबाहेरची काय.

ताई, व्यवहाराचं एक सुचवतो, शिबिराच्या शेवटी सांगतात त्यातलंच. झोपण्याआधी पाच मिनिटं आणि जाग आल्यावर पाच मिनिटं, अंथरुणातच, जाणीव ठेवून पडून राहायचं. तुमच्या पन्नास मिनिटांना हात लागत नाही. आणि खरोखर गुडघ्याचं दुखणं असेल तर खुर्चीवर बसा. अधिष्ठान, म्हणजे न हलता बसायचा निश्चय, याचा अर्थ सांधा निकामी करणं नव्हे.

---

रात्रपाळी · शनिवार, रात्री ९:०२

खुर्चीबद्दल दहादा अनुमोदन. उठल्यावर दहा मिनिटांत कळ जाते का, की दिवसभर राहते? राहत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे, धाग्यावर नाही. आणि आईंबद्दल तसं थेट विचारलं त्याबद्दल माफ करा. पहाटे चारला माणूस आडवळणाने बोलत नाही.

---

एक_पिंक · शनिवार, रात्री ९:१५

पॉपकॉर्न घेऊन आलो होतो, बाजूला ठेवले. वाचनखूण साठवली.

---

ओंजळभर · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:५०

धागा वर काढतेय.

कळ उठल्यावर जाते, डॉक्टरांना दाखवलं, सांधा ठीक आहे. खाली एक जाडशी घडी घेतली, थोडा फरक पडला.

सध्या बसवलंय ते असं. सकाळी फक्त श्वास आणि संवेदना. मैत्री शेवटची पाच मिनिटं, टायमरची पहिली घंटा झाल्यावरच. घंटेआधी मन तिकडे गेलं की 'गुडघा' असं मनात म्हणते आणि गुडघ्यावरच जाते. गंमत म्हणजे ती जळजळ एकसंध नसते. आत बारीक काहीतरी लुकलुकत असतं, कडेला थंड असतं, मध्येच दोन-तीन श्वास काहीच नसतं. इतकी वर्षं 'गुडघा दुखतो' एवढंच माहीत होतं, कारण तिथे थांबलेच नव्हते कधी. तीन आठवड्यांत पाच वेळा तरीही पळाले. वहीत आहे.

रात्री मैत्री, वेगळ्या खोलीत, वेगळ्या आसनावर (म्युनिकचा शोध). मित्राच्या जागी ऑफिसातली एक जण आहे, रोज डबा वाटून खातो आम्ही. पहिले चार दिवस लाकूड. पाचव्या दिवशी तिची लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायची खटपट आठवली आणि बरं वाटलं. न पटणाऱ्याच्या टप्प्यापर्यंत आता पोचते. तिथे कोण आहे ते सांगणार नाही, सासूबाई हा धागा वाचतात.

मंगळवारी घरी कुणीच नव्हतं, मन सकाळपासून जड होतं. पालीपाठांच्या ओल्या गोवऱ्या आठवल्या. बसलेच नाही. गच्चीवर चाळीस मिनिटं चालले, काकांसारखी वंदना म्हणत.

आईचं पुण्यानुमोदन मे महिन्यात करतो. या वेळी त्या दिवशी विहाराच्या अभ्यासिकेला दोन पंखे आणि ट्यूब द्यायचं ठरवलंय.

---

काका_छावणी · रविवार, सकाळी १०:०८

ट्यूब वीस वॅटच्या एलईडी घ्या. आणि बसवायला पोरांना बोलवा. जय भीम.

---

पालीपाठ · रविवार, सकाळी १०:३०

ओंजळभर, न बसण्याचा निर्णय कारण बघून घेतलात, हे फार आवडलं. एक विचारतो: संध्याकाळच्या वंदनेचं काय? ती यात कुठे बसली? तिच्यात बुद्धानुस्मृती, म्हणजे बुद्धांचे गुण आठवणं, असतेच, आणि तीही त्या चाळीसांतली एक आहे.

---

ओंजळभर · रविवार, दुपारी १२:४५

वंदनेचा विचारच केला नव्हता. ती सासूबाईंची वेळ म्हणून मी शेजारी बसते, 'इतिपि सो' पाठ आहे म्हणून तोंडाने चालू, मनात भाजी काय करायची. त्यांना आत्ता विचारलं की म्हणताना तुम्ही काय आठवता. म्हणाल्या, मुलं लहान होती तेव्हा दिवसभरात एवढा एकच वेळ गप्प बसायला मिळायचा, म्हणून म्हणते, सवयीने. नंतर थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाल्या, "आणि ते भगवा म्हणताना मूर्तीचे हात दिसतात गं. नुसते हात."

आजच्या वहीतलं: ५० मिनिटं, ४१ व्या मिनिटाला गुडघा. थांबले.